चेहऱ्यावरची लाली आणि तिचा अर्थ

मनुष्याचा चेहरा हा त्याच्या मनाचा आरसा होय, असे आपण नेहमी म्हणतो. आणि आपल्या भाषेने तर या आरशात उमटणाऱ्या रंगांची मोठी बारकाईने नोंद करून ठेवली आहे. राग आला की मनुष्य लालबुंद होतो, लाज वाटली की गालांवर लाली चढते, भीतीने तोंड पांढरेफटक पडते, आणि शीघ्रकोपी माणसाचा राग तर सदैव नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो. परंतु राग नाही, लाज नाही, डोक्यावर ऊनही नाही, आणि तरीसुद्धा गाल, नाक, हनुवटी व कपाळाचा मधला भाग तांबूस राहतो, चुरचुरतो, त्यावर बारीक पुटकुळ्या उठतात, असेही पुष्कळांच्या बाबतीत घडते. अशा माणसाला घरचे म्हणतात, "अंगात उष्णता झाली". शेजारी म्हणतात, "रक्त बिघडले". आणि औषधाच्या दुकानातील माणूस काहीच न म्हणता एक ट्यूब काढून देतो. वैद्यकशास्त्रात या विकाराला रोझेशिया असे नाव आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'गुलाबासारखा' असा होतो. नाव मोठे काव्यमय खरे, विकार मात्र तसा नाही. त्याची ओळख करून देण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. आणि त्याबरोबरच त्या ट्यूबचीही ओळख करून द्यावयाची आहे.

हा विकार बहुधा तिशीनंतर सुरू होतो. मग तो शाळेच्या वार्षिक अंकात कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर दुहेरी आहे. एक तर ज्यांना तो होतो ती माणसे आपल्या घरातलीच असतात. कोणाची आई, कोणाचा काका, कोणाच्या शेजारच्या मावशी. आणि दुसरे असे की, ती ट्यूब तिशीची वाट पाहत नाही. नववी-दहावीतील मुलामुलींच्या दप्तरांतही ती सापडते. तिच्यामुळे होणारा विकार हुबेहूब रोझेशियासारखाच दिसतो, आणि त्याला वयाचे बंधन नसते.

प्रथम लाली येते कशी ते पाहू. आपल्या त्वचेखाली केसाहून बारीक अशा रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले आहे. तिला आपण केशवाहिन्या म्हणतो. शरीरात उष्णता वाढली की या वाहिन्या रुंदावतात, अधिक रक्त त्वचेजवळ येते आणि उष्णता बाहेर टाकली जाते. चेहऱ्यावर हे जाळे विशेष दाट व पृष्ठभागाच्या अगदी निकट असल्यामुळे तेथील बदल चटकन दिसतो. मनातील क्षोभानेही मज्जातंतूंच्या द्वारे याच वाहिन्या रुंदावतात. सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ चार्लस डार्विन याने १८७२ साली मनुष्य व प्राणी यांच्या भावप्रदर्शनावर जो ग्रंथ लिहिला, त्यात लज्जेने चेहरा आरक्त होण्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. सावळ्या व काळ्या वर्णाची माणसेही लाजेने आरक्त होतात काय, हा प्रश्न त्याला पडला होता, आणि त्याने देशोदेशींच्या लोकांकडून त्याविषयी माहिती मागविली होती. त्याचा निष्कर्ष असा की, बहुतेक, किंबहुना सर्वच, मानववंशांत ही क्रिया घडते. वर्ण गडद असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही, एवढेच. डार्विनचा हा निष्कर्ष वाचकांनी स्मरणात ठेवावा. त्याची गरज आपल्याला पुढे लागणार आहे.

निरोगी माणसाची लाली काही क्षणांत किंवा काही मिनिटांत ओसरते. रोझेशियाच्या रोग्यात मात्र या वाहिन्या क्षुल्लक कारणानेही रुंदावतात आणि पूर्ववत होण्यास फार वेळ घेतात. पुढे पुढे काही केशवाहिन्या कायमच्याच विस्फारतात व गालांवर किंवा नाकाच्या बाजूंना तांबड्या धाग्यांसारख्या दिसू लागतात. काहींना पुटकुळ्या येतात, काहींच्या त्यात पू धरतो. म्हणूनच तारुण्यपीटिकांशी या विकाराची गल्लत होते. दोहोंत भेद ओळखण्याची एक सोपी खूण आहे. तारुण्यपीटिकांत त्वचेच्या छिद्रांत मेद साचून काळी अथवा पांढरी टोके दिसतात. रोझेशियात अशी टोके नसतात, आणि खाज किंवा तेलकटपणा यांपेक्षा आग, चुरचुर व ऊब यांचीच तक्रार अधिक असते.

डोळ्यांचीही गोष्ट येथेच सांगितली पाहिजे, कारण तिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. या विकारात पुष्कळांच्या पापण्यांच्या कडा सुजतात, डोळे लाल होतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, वारंवार रांजणवाडी होते. कधीकधी चेहऱ्यावर काही दिसण्यापूर्वीच ही लक्षणे सुरू होतात. बुबुळावरील पारदर्शक पडद्यापर्यंत दाह पोहोचला तर दृष्टीला धोका संभवतो. यास्तव चेहऱ्याची लाली व डोळ्यांची खुपखुप ही दोन्ही एकत्र असतील तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगाव्यात. रोगी बहुधा एक त्वचेच्या डॉक्टरांना सांगतो, दुसरी डोळ्यांच्या डॉक्टरांना, आणि दोहोंचा मेळ कोणीच घालीत नाही.

नाकाची कहाणी निराळी. काही रोग्यांत, विशेषतः पुरुषांत, दीर्घ काळानंतर नाकाची त्वचा जाड होते, छिद्रे मोठी होतात आणि नाक गाठीगाठींचे बनते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इटालियन चित्रकार घिरलांदायो याने सुमारे १४९० साली रंगविलेले एका वृद्धाचे व त्याच्या नातवाचे चित्र आहे. वृद्धाचे नाक असेच गाठाळलेले आहे, आणि मांडीजवळचा नातू त्या नाकाकडे यत्किंचितही लक्ष न देता आजोबांच्या डोळ्यांकडे पाहत आहे. अमेरिकेतील धनाढ्य बँकर जे. पी. मॉर्गन (१८३७-१९१३) यांनाही हा विकार होता. छायाचित्र काढून घेण्याचा त्यांना तिटकारा असे, आणि प्रसिद्ध होणाऱ्या त्यांच्या छायाचित्रांतील नाकावरून दुरुस्तीची कुंचली फिरविली जाई. पाश्चात्त्य देशांत अशा नाकाला मद्यप्याचे नाक समजण्याचा प्रघात पडला. मद्याने लाली भडकते हे खरे, परंतु मद्याला आयुष्यात कधी स्पर्श न केलेल्या माणसालाही हा विकार होतो. आपल्या गुजरात राज्यात तर स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. येथे कोणाच्या लाल नाकावरून असा तर्क करणे म्हणजे त्या बिचाऱ्यावर रोग आणि गुन्हा हे दोन्ही लादण्यासारखे आहे.

विकाराचे मूळ कारण एकच एक असे सांगता येत नाही. घराण्यात कोणाला असल्यास तो होण्याचा संभव वाढतो. २००७ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथील संशोधकांनी असे दाखविले की, जंतूंशी लढण्यासाठी आपली त्वचा जी प्रथिने निर्माण करते, त्यांपैकी कॅथेलिसिडिन नावाचे प्रथिन या रोग्यांच्या चेहऱ्यात प्रमाणाबाहेर व विकृत रूपात असते. चोराचा पत्ता नसताना पहारेकऱ्याने घरातच लाठी फिरवावी, तसा हा प्रकार आहे. दुसरा संशय एका सूक्ष्म जीवावर आहे. डेमोडेक्स नावाचा, कोळी व गोचीड यांच्या वर्गातील हा जीव एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो आणि बहुतेक सर्व प्रौढ माणसांच्या चेहऱ्यावरील केसांच्या मुळाशी निरुपद्रवीपणे राहतो. (हे वाचून कोणी तोंड घासावयास धावू नये; घासून तो जात नाही.) रोझेशियाच्या रोग्यांत त्याची संख्या पुष्कळ अधिक आढळते. तो विकाराचे कारण आहे की त्वचा बिघडल्यामुळे त्याचे फावते, यावर अद्याप वाद चालू आहे. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. हा विकार स्पर्शाने, टॉवेलाने, एका ताटात जेवल्याने एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

२०१८ साली जगभरच्या अनेक पाहण्या एकत्र करून असा अंदाज काढण्यात आला की, प्रौढांपैकी शेकडा पाचांहून थोड्या अधिक माणसांना हा विकार असतो. तो गोऱ्या लोकांचा रोग आहे, असे पूर्वी समजत. आता येथे डार्विनची आठवण करावी. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत मेलॅनिन नामक रंगद्रव्य अधिक असते. त्याच्या आड लाली झाकली जाते. तांबडा रंग दिसत नाही, तर चेहरा काळवंडल्यासारखा किंवा तपकिरी-जांभळट दिसतो. "उन्हाने रापला" असे म्हणून आपण तो विषय तेथेच मिटवितो. म्हणून आपल्याकडे रंगापेक्षा स्पर्शाला व रोग्याच्या सांगण्याला अधिक महत्त्व द्यावयास हवे. गाल तापतात काय? साधा साबण लावला तरी झोंबतो काय? डॉक्टर कधीकधी काचेची पारदर्शक पट्टी त्वचेवर दाबून पाहतात. दाबाने रक्त बाजूस सरते, तेवढ्यापुरता रंग फिका होतो, आणि लपलेली लाली उघडी पडते.

आता आपल्या सुरतेकडे वळू. रोझेशियाची ठिणगी मूळची शरीरात असली तरी तिला फुंकर बाहेरून मिळते, आणि अशा फुंकरी आपल्या शहरात वर्षभर चालू असतात. पहिली उन्हाची. सुरत कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे वर्षातून दोन वेळा, मेअखेरीस आणि जुलैच्या मध्यास, दुपारी सूर्य बरोबर आपल्या माथ्यावर येतो. परंतु केवळ उन्हाळ्यातच जपावे असे नाही. उत्तरायणाच्या दिवशी, १४ जानेवारीस, हवा थंड असते म्हणून आपल्याला उन्हाचे भान राहत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गच्चीवर आकाशाकडे तोंड करून पतंग उडविला जातो, आणि दुसऱ्या दिवशी चेहरा पेटलेला असतो. सूर्याचे जे किरण त्वचेला अपाय करतात त्यांचा उष्णतेशी संबंध नाही. थंड वाऱ्यातही ते तितकेच काम करतात. नवरात्रात तर ऊन नसतेच, परंतु दमट रात्री तासन् तास गरबा खेळल्याने अंगातील उष्णता वाढते व परिणाम तोच होतो.

दुसरी फुंकर उष्णतेची. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली किती तरी मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहतात. त्यांतील पुष्कळ जण यंत्रमागांवर आणि डाइंग मिलांत काम करतात. कापड रंगविण्याच्या खात्यात वाफ व उष्णता यांपासून सुटका नसते. घरी पत्र्याच्या छपराखालच्या स्वयंपाकघरात वीस-पंचवीस भाकरी थापणाऱ्या आईची स्थिती याहून फारशी वेगळी नाही; तव्याची धग थेट तोंडावर येते. अशा माणसांना 'उष्णता टाळा' असे सांगणे म्हणजे पोट भरू नका असे सांगण्यासारखे आहे. त्यांना उपयोगी पडेल असे सांगावयाचे तर एवढेच की, पंख्याचा किंवा खिडकीचा वारा चेहऱ्यावर येईल अशी जागा घ्यावी, मधून मधून साध्या पाण्याने भिजविलेला मऊ सुती रुमाल गालांवर टेकवावा (चोळू नये), आणि सलग दोन तास धगीपुढे राहण्याऐवजी काम शक्य तर तोडून तोडून करावे.

तिसरी खाण्यापिण्याची, आणि येथे खानदेशी वाचक आमच्यावर रागावण्याचा संभव आहे. मिरचीतील तिखट द्रव्य उष्णतेची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंनाच डिवचते. त्यामुळे शेवभाजीचा रस्सा किंवा ठेचा खाताना कपाळावर घाम व गालांवर लाली येते. म्हणून सर्वांनीच ठेचा सोडावा असे मुळीच नाही. काहींना तिखटाने काहीही होत नाही. ज्याला होते त्याने प्रमाण कमी करून पाहावे.

चहाची गोष्ट मात्र मनोरंजक आहे. चहा-कॉफीने लाली वाढते म्हणून ती सोडा, असे डॉक्टर पूर्वी सरसकट सांगत. १९८१ साली जोनाथन विल्किन या अमेरिकन डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. त्यांनी रोग्यांना गरम कॉफी, थंड कॉफी आणि नुसते गरम पाणी देऊन पाहिले. गरम कॉफीने चेहरा लाल झाला, तसाच तो नुसत्या गरम पाण्यानेही झाला. थंड कॉफीने मात्र झाला नाही. म्हणजे गुन्हेगार कॉफी नव्हती, तिची उष्णता होती. पुढे २०१८ साली अमेरिकेतील ८० हजारांहून अधिक परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीत, कॉफी अधिक पिणाऱ्यांत हा विकार उलट कमी आढळला. प्रयोग कसा करावा याचा हा उत्तम धडा आहे. दोन गोष्टी एकत्र आल्या असता त्यांतील एक काढून पाहिल्यावाचून दोष कोणाचा ते ठरत नाही. आपल्याकडे चहा बशीत ओतून पिण्याची जी जुनी रीत आहे, तिला हल्ली लोक नाके मुरडतात. परंतु रोझेशियाच्या रोग्याला तिच्याहून चांगला सल्ला आम्हांला सुचत नाही.

याच पद्धतीने प्रत्येक रोग्याने आपली स्वतःची कारणे शोधावयाची असतात, कारण ती प्रत्येकाची भिन्न असतात. त्यासाठी एक साधी वही पुरते. रोज रात्री चार ओळी लिहाव्यात: आज लाली किती होती (शून्य ते पाच अंकांत), उन्हात किती वेळ गेला, विशेष काय खाल्ले, चेहऱ्याला काय लावले, मनाला कसला त्रास झाला. परीक्षेची धास्ती, घरातील वाद, झोप न होणे, हीही कारणे असतात, आणि ती वहीत लिहिल्याशिवाय ध्यानात येत नाहीत. पाच-सहा आठवड्यांनी वही उलगडून पाहिली म्हणजे दोन-तीन गोष्टी पुनःपुन्हा वर येताना दिसतात. मग त्यांतील एक गोष्ट, एकाच वेळी एकच, पंधरा दिवस बंद करून पाहावी. सर्व काही एकदम बंद केले तर गुण कशाने आला ते कळत नाही, आणि आठ दिवसांत मनुष्य कंटाळून सर्व काही पुन्हा सुरू करतो. आईची अशी वही मुलाने किंवा मुलीने लिहून द्यावी. विज्ञानाच्या प्रयोगवहीपेक्षा ती कमी शास्त्रीय नाही.

आता त्या ट्यूबविषयी. १९५२ साली न्यूयॉर्कमधील सल्झबर्गर व विटेन या डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड त्वचेला लावल्याने इसब व तत्सम दाह शमतात असे दाखवून दिले. त्वचारोगांच्या चिकित्सेत त्या दिवसापासून नवे युग सुरू झाले म्हटले तरी चालेल. त्यानंतर अनेक पटींनी तीव्र अशी स्टेरॉइडे निघाली. योग्य रोगात, योग्य जागी, थोडे दिवस वापरली तर ती खरोखर वरदान आहेत, हे आम्ही निःसंदिग्धपणे सांगतो. परंतु ती चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात; त्यामुळे चार दिवसांत लाली मावळते, पुटकुळ्या बसतात, चेहरा उजळ दिसू लागतो. रोग्याला वाटते, औषध सापडले. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होऊ लागते, वाहिन्या दिसू लागतात, नव्या पुटकुळ्या येतात, मुलींच्या गालांवर लव वाढते. मलम थांबविले की आवरून धरलेल्या वाहिन्या एकदम सैल सुटतात आणि चेहरा पूर्वीपेक्षा दुप्पट भडकतो. घाबरून रोगी पुन्हा मलम लावतो, पुन्हा चार दिवस बरे वाटते. व्यसनाचे चक्र याहून वेगळे काय असते? १९६९ साली स्नेडन नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी तीव्र स्टेरॉइडांमुळे रोझेशिया कसा चिघळतो याविषयी इशारा दिला होता. तो इशारा आता अर्ध्या शतकाहून जुना झाला.

आपल्या देशात हा इशारा किती ऐकला गेला, याचा हिशेब २०११ साली प्रसिद्ध झाला. देशातील १२ केंद्रांवर त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रोग्यांची चौकशी केली. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड मलम लावीत होते. त्यांतील २९ टक्के लोक ते गोरे होण्यासाठी, सर्वसाधारण क्रीम म्हणून किंवा दाढीनंतर लावावयाचे म्हणून वापरीत. २४ टक्के मुरमांसाठी. ५९ टक्के लोकांना ते डॉक्टरांनी सांगितलेलेच नव्हते. मित्र, नातलग, शेजारी, दुकानदार यांनी सुचविले होते. आणि १०० पैकी ९० जणांच्या त्वचेवर दुष्परिणाम दिसत होते. या विकृतीला भारतीय तज्ज्ञांनी 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' अशा अर्थाचे स्वतंत्र नावच दिले आहे. पुढे २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई करणारी अधिसूचना काढली.

कायदा झाला, परंतु मागणी कोठून येते त्याचाही विचार केला पाहिजे. 'गोरी, नाकी डोळी नीटस' हे शब्द लग्नाच्या जाहिरातींतून हजारदा वाचलेल्या मुलीने पंधराव्या वर्षी मैत्रिणीच्या हातून ट्यूब घेतली, तर दोष एकट्या तिचा कसा मानावा? मुलगेही यात मागे नाहीत. आमच्या मते गोरेपणाचा हा हव्यास ज्या घरात बोलून दाखविला जातो, त्या घरात ती ट्यूब आज ना उद्या येतेच. ती ओळखावी कशी? ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचावीत. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे, मग खोक्यावर कितीही सुंदर चेहरा छापलेला असो. अनेक मलमांत ते एकटे नसते. बुरशीचे औषध, जंतुनाशक किंवा रंग उजळविणारे द्रव्य यांच्या संगतीत दडलेले असते. अशा ट्यूबचा वापर महिनोन् महिने चालू असेल तर आपल्याच मनाने ती एकाएकी फेकूनही देऊ नये. त्वचारोगतज्ज्ञ ती टप्प्याटप्प्याने कशी सोडावयाची ते सांगतात, आणि मधल्या भडक्याचे दिवस सोसण्यासाठी दुसरी औषधे देतात. ते दिवस कठीण असतात. कित्येकांना काही आठवडे, कित्येकांना काही महिने लागतात.

खऱ्या रोझेशियाचे उपचार शांतपणाचे आहेत. चेहरा दिवसातून दोन वेळा कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवावा, टॉवेलाने टिपावा, साधे सुगंधरहित मॉइश्चरायझर लावावे आणि बाहेर पडण्यापूर्वी सनस्क्रीन लावावे. झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन कमी झोंबते. सावळ्या चेहऱ्यावर ते पांढुरके दिसते हा त्याचा दोष, परंतु रंग मिसळलेले प्रकारही मिळतात. स्कूटरवरून जाताना तोंडाला ओढणी गुंडाळण्याची सुरतेच्या मुलींची रीत उन्हासाठी उत्तम आहे. फक्त ती ओढणी पातळ सुती असावी, कारण सिंथेटिक कापडाखाली घामाने चेहरा उकडून निघतो. तुरटी, लिंबू, टूथपेस्ट, कापूर किंवा मेन्थॉल असलेली क्रीम, दाढीनंतरची झोंबरी लोशने या सर्वांपासून असा चेहरा दूर ठेवावा. दिवाळीचे उटणे अंगाला अवश्य लावावे, मात्र या रोग्याने गालांना ते चोळू नये.

औषधांत मेट्रोनिडाझोलचे जेल, अझेलेइक ॲसिड आणि आयव्हरमेक्टिनचे क्रीम ही नेहमीची आहेत. यांतील आयव्हरमेक्टिनचे मूळ जपानातील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जिवाणूत आहे, आणि त्या शोधाबद्दल ओमुरा व कँपबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुटकुळ्या अधिक असतील तर डॉक्टर काही काळ डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. गर्भवती स्त्रियांना व लहान मुलांना ती देत नाहीत. कायमच्या विस्फारलेल्या वाहिन्या मलमाने जात नाहीत, त्यांना लेसरचा उपयोग होतो. गाठाळलेले नाक शस्त्रक्रियेने नीट करता येते. कोणतेही मलम सहा ते बारा आठवड्यांवाचून आपला गुण दाखवीत नाही, आणि विकार समूळ जात नाही, तो ताब्यात राहतो. चार दिवसांत चमत्कार दाखविणाऱ्या ट्यूबपुढे ही औषधे फिकी वाटतात, त्याचे कारण हेच.

चेहऱ्यावरील प्रत्येक लाली रोझेशियाच असते, असेही समजू नये. ल्युपस नावाच्या विकारात गालांवर फुलपाखरासारखा लाल चट्टा उठतो व त्याबरोबर सांधे दुखतात, ताप येतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्शाची जाणीव कमी झालेली असते. हे भेद घरी बसून ठरविता येत नाहीत. सुरतेत मजुरा गेटजवळच्या नव्या सिव्हिल हॉस्पिटलात तसेच महानगरपालिकेच्या स्मीमेर हॉस्पिटलात त्वचारोगांची तपासणी होते. तेथे जाताना आजवर लावलेल्या सर्व ट्यूबा, रिकाम्या झालेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्याव्यात. "पांढऱ्या रंगाचे मलम होते" एवढ्या वर्णनावरून डॉक्टरांना काही कळत नाही. वही असल्यास तीही न्यावी. आणि चेहरा सर्वांत अधिक लाल झालेला असेल त्या वेळी दिवसाच्या उजेडात मोबाइलवर त्याचे एक छायाचित्र काढून ठेवावे, कारण रांगेत पंख्याखाली बसून आपला नंबर येईपर्यंत लाली बहुधा ओसरलेली असते.